चार नंबरचा रुपया

चांदी तांब्यापेक्षाही चांगली वीज वाहून नेते, हे वाक्य मी एकदा जेवताना सहज बोलले आणि पुढचा महिनाभर माझी जेवणाची सुट्टी गेली.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी तेवीस वर्षांची होते आणि इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून वागळे इस्टेटमधल्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला लागलेले. आम्ही नौपाड्यात राहायचो, आई, बाबा आणि मी. बाबा भूगोलाचे शिक्षक होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद होता, आणि त्यातही व्हिक्टोरिया राणीच्या चांदीच्या रुपयांचा. प्रत्येक सालचा एक रुपया आपल्याकडे असावा, एवढी एकच महत्त्वाकांक्षा मी त्यांच्यात पाहिली. पुठ्ठ्याला गोल खिडक्या कापून त्यांनी स्वतः अल्बम केला होता. प्रत्येक खिडकीखाली साल, टांकसाळ आणि एखादा शेरा, फळ्यावरच्या त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात.

माझं वाक्य ऐकून त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे रुपया खरा की खोटा, हे विजेवर कळेल?"

"कळायला हवं. खोटा जर्मन सिल्व्हरचा असला, म्हणजे त्यात चांदी नसलीच, तर रेझिस्टन्स खूप जास्त येईल."

"मग इतकी वर्षं मी तो टेबलावर आपटून आवाज का ऐकतोय?"

आई म्हणाली, "आधी जेवा."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून जुना काट्याचा मल्टिमीटर घरी आणला. बाबांनी टेबलावर टॉवेल अंथरून ठेवला होता. पहिल्या रुपयाला तारा टेकवल्या. काटा थेट शून्यावर जाऊन आदळला. दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. बाबा खूश झाले. मग त्यांनी शास्त्रीय वृत्तीला जागून चमचा आणला. काटा शून्यावर. आईची किसणी, दाराची कडी, स्टोव्हची पिन, सगळीकडे काटा शून्यावर. त्या मीटरप्रमाणे आमच्या घरात चांदी नसलेली धातूची वस्तूच नव्हती.

"हे काहीतरी चुकतंय," बाबा म्हणाले.

मी त्यांना समजावलं की नाण्याचा रेझिस्टन्स इतका बारीक असतो की त्यापुढे मीटरच्या तारांचाच जास्त भरतो. कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर केशर तोलायला गेलं तर असंच होणार. त्यासाठी मायक्रो-ओहमचा मीटर लागतो. तो आमच्या कारखान्यात होता, ट्रान्सफॉर्मरच्या जाड तांब्याच्या वेटोळ्यांसाठी. दोन तारांतून जोरदार करंट सोडायचा आणि दुसऱ्या दोन तारांनी, मधल्या भागात विजेचा किती दाब पडतो ते मोजायचं. म्हणजे तारांचा आणि त्यांच्या टोकांचा दोष हिशेबातून निघून जातो.

एवढं सांगायला नको होतं. बाबांनी शांतपणे विचारलं, "उद्या नेशील?"

आमच्या साहेबांनी परवानगी दिली, पण फक्त लंच टाइममध्ये. "और रिपोर्ट मुझे भी दिखा," असंही म्हणाले, कारण त्यांच्या सासूबाईंकडेही तसलेच दोन रुपये होते. खरी अडचण गेटवर आली. कारखान्यात बाहेरची वस्तू आत न्यायची तर पास लागायचा, आणि वॉचमनला पासावर काय लिहावं ते सुचेना. रोकड म्हणावी तर ती चालत नाही, आणि माल म्हणावा तर तो कारखान्याच्या कामाचा नाही. शेवटी त्याने नाण्याकडे नीट बघून लिहिलं, "राणी, १४ नग." महिनाभर मी चौदा राण्या आत नेत होते आणि चौदा बाहेर आणत होते.

बाबांच्या अटी अशा होत्या. नाणं कडेनेच धरायचं. घासायचं नाही, पुसायचं नाही, त्यावर श्वासही सोडायचा नाही. चिमटे लावले तर ओरखडा उठता कामा नये. आता धड चिमटा न लावता दहा अँपिअर करंट सोडायचा कसा, हे बाबांच्या भूगोलात नव्हतं. मदतीला आला आमचा फिटर. तो चेंदणी कोळीवाड्यातला, पन्नाशीचा, कमी बोलणारा आणि हाताने जादूगार. त्याने बेकलाइटच्या तुकड्यावर पितळेच्या दोन गुळगुळीत पट्ट्या बसवल्या आणि मधल्या दोन टोकांसाठी बॉलपेनातल्या स्प्रिंगा वापरल्या. नाणं त्यात अलगद बसायचं. अख्ख्या ऑफिसातली बॉलपेनं त्या आठवड्यात एकाएकी खराब झाली, त्याचं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मी कामाला लागले. प्रत्येक नाणं घड्याळासारखं बारा जागी फिरवून बारा आकडे घ्यायचे, असं मी ठरवलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण तेव्हा मला वाटायचं की आकडे जितके जास्त तितकं सत्य जास्त. डबा उघडायलाही वेळ मिळेना. चपाती डाव्या हातात आणि पेन उजव्या. आकडे मात्र देखणे येत होते. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, सगळे रुपये सगळीकडून सारखे. सात नंबर साफ खोटा निघाला. तो बाबांनी नाशिकच्या सहलीत एका फेरीवाल्याकडून घेतला होता आणि आईला 'एका विद्यार्थ्याने भेट दिला' म्हणून सांगितलं होतं. हे मला घरी निकाल सांगितल्यावर कळलं, आणि आईलाही तेव्हाच.

चार नंबर विचित्र निघाला. अकरा जागी आकडा इतरांसारखाच, अगदी अस्सल. फक्त अकरा वाजतात त्या जागी, कडेजवळ, आकडा जवळजवळ दीडपट. मी तारा तपासल्या, पट्ट्या पुसल्या, नाणं उलटं करून पाहिलं. ती जागा नाण्याबरोबरच फिरत होती. दोष नाण्यातच होता. पण अर्धवट खोटा रुपया कुठे असतो?

मी फिटरला हाक मारली. त्याने आकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. नाणं खिडकीपाशी नेलं, तिरपं धरलं, नखाने ती जागा चाचपली. आमच्याशी तो नेहमी शहरी बोलायचा, पण विचारात असला की घरची बोली यायची.

"मॅडम, याला भोक व्हता," तो म्हणाला. "बुजवलाय. आमचे आयशीचे गल्यान अशीच माल हाय, रुपयांची. भोक पारून ववतान."

मग मलाही दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढी गोल जागा, किंचित काळसर. कुणीतरी गळ्यातल्या माळेतला रुपया काढून, त्याचं भोक कथलाच्या डागाने भरून, वरून चांदीचा मुलामा दिला होता. घरी येऊन अल्बम पाहिला. चार नंबरच्या खिडकीखाली बाबांचा शेरा होता, "कडेजवळ नैसर्गिक काळसर झाक, फार सुंदर."

आता पंचाईत अशी, की हा रुपया बाबांना त्यांच्या सगळ्यात जवळच्या मित्राने दिला होता. डोंबिवलीचे काका. तेही नाणीवाले. मी शाळेत होते तेव्हापासून दोघांची अदलाबदल चालायची. चार नंबरच्या सालचा रुपया बाबांना कुठेच मिळत नव्हता. एके दिवशी काकांनी तो आणून दिला आणि बदल्यात बाबांकडचं होळकरांचं एक नाणं घेतलं. आठ-नऊ वर्षं झाली होती त्याला.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते अल्बम मांडीवर घेऊन बसले.

"त्यांना माहीत नसणार," ते म्हणाले. "त्यांचीही कुणीतरी फसवणूक केलीय. त्यांना सांगायला हवं. पण हळुवारपणे."

रविवारी आम्ही डोंबिवलीला गेलो. मी सोबत चार नंबरचा रुपया आणि टेस्ट रिपोर्ट घेतला होता, कारखान्याच्या छापील फॉर्मवर केलेला. नमुना क्रमांक, खोलीचं तापमान, बारा आकडे आणि खाली 'पास' किंवा 'नापास'. चार नंबरपुढे मी 'नापास' लिहिलं होतं आणि खाली लफ्फेदार सही ठोकली होती. मला त्या कागदाचा फार अभिमान वाटत होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

काकांचं घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. काकू आत कांदेपोहे करत होत्या. काकांनी बाबांना खुर्ची दिली, मला स्टूल दिलं आणि उत्साहाने विचारलं, "मास्तर, काय नवीन?"

बाबांचा हळुवारपणा सुरू झाला. आधी पाणीटंचाईवर बोलले. मग रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलले. मग म्हणाले, "समजा, एखाद्या रुपयाला कधीकाळी भोक असलं, आणि ते कुणी बुजवलं असलं, तर ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. नाही का?"

काका उठून दार लोटायला गेले. पण स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसता पडदा होता. त्यांनी पडदा ओढला.

"मास्तर, आपण जरा गच्चीत जाऊ या का?" ते हळू आवाजात म्हणाले. "टाकी दाखवतो नवीन."

मला वाटलं, ते माझ्या यंत्रावर विश्वास ठेवत नाहीयेत. मी घाईने रिपोर्ट उघडला आणि चांगल्या मोठ्या, स्वच्छ आवाजात वाचला, "चार नंबर. अकरा वाजता भोक होतं, काका. डागाने बुजवलंय. हा रुपया बाईच्या माळेतला आहे."

आतला झाऱ्याचा आवाज थांबला.

पडदा बाजूला झाला आणि काकू झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "कुठल्या माळेतला?"

त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी काकांकडे आणि काकांनी छताकडे. मी रुपया काकूंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कडेने वगैरे धरला नाही, सरळ मुठीत घेतला, पदराने खसखसून पुसला आणि उजेडात धरला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"राणीच्या गालावर खोच आहे," काकू म्हणाल्या. "चौथीत असताना मी पाट्यावर आपटला होता. आईने मारलेलं मला. हा माझ्या आईच्या माळेतला अकरावा रुपया आहे."

मग त्या काकांकडे वळल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "अहो, हा मास्तरांकडे कसा?"

काका म्हणाले, "त्यांच्याकडे त्या सालचा नव्हता."

एवढंच म्हणाले. जणू त्यात सगळं आलं. थोड्या वेळाने त्यांनी पुढचंही सांगितलं. दुसऱ्या सालचा एखादा रुपया मिळवून, भोक पाडून माळेत ओवून टाकू, कुणाला कळणार, असा त्यांचा विचार होता. मिळवायला आठ दिवस लागले असते. पण तिसऱ्याच दिवशी काकूंनी माळ बाहेर काढली आणि रुपये मोजले.

"आणि तेव्हा तुम्ही गप्प बसलात," काकू म्हणाल्या.

"तू लगेच तिचं नाव घेतलंस. मग मला बोलायला जागाच राहिली नाही."

'ती' म्हणजे काकूंची धाकटी जाऊ, कल्याणला राहणारी. तिने त्याच महिन्यात मुलाच्या बारशाला घालायला म्हणून ती माळ नेली होती. एक रुपया कमी भरला आणि काकूंनी तिला तोंडावर विचारलं होतं. तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं बंद होतं. आठ-नऊ वर्षं. त्या बारशातला मुलगा आता तिसरीत होता.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. आपण फक्त बारा आकडे घेतले, असं मी स्वतःला सांगत होते. बाबा काकांकडे बघत नव्हते. फसवणूक झालेला मित्र म्हणून त्यांचं सांत्वन करायची सगळी तयारी ते घरून करून आले होते, आणि आता त्या तयारीचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

काकूंनी आत जाऊन गॅस बंद केला. बाहेर येऊन म्हणाल्या, "शर्ट घाला. कल्याणला जायचंय. मास्तर, तुम्हीपण चला. आणि गं, तो कागद घे बरोबर."

रिक्षात मागे आम्ही तिघं बसलो. काकांना काकूंनी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसायला सांगितलं. अर्ध्या सीटवर, एक पाय बाहेर, गजाला धरून काका डोंबिवलीहून कल्याणला गेले. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून 'मागे दाबून बसा ना थोडं' म्हणून पाहिलं. काकू म्हणाल्या, "त्यांना तिथंच बरं वाटतं."

कल्याणच्या काकूंनी दार उघडलं आणि दारातच थबकल्या. थोरल्या जावेला इतक्या वर्षांनी उंबऱ्यावर बघून त्यांना वाटलं, घरात कुणीतरी गेलं. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

डोंबिवलीच्या काकूंनी मूठ उघडली. "सापडला. यांनी दिला होता मित्राला. मी तुला नाही नाही ते बोलले. चुकलं माझं." आणि मला पुढे ढकलून म्हणाल्या, "तिला दाखव, मशिनवर काय आलंय ते."

आयुष्यात पुष्कळ रिपोर्ट लिहिले, पण इतकं मन लावून कुणी वाचला नाही. कल्याणच्या काकूंनी चष्मा लावून खोलीच्या तापमानापासून सुरुवात केली. बाराही आकडे वाचले. शेवटी 'नापास'वर बोट ठेवून विचारलं, "हे भावजींसाठी का?"

"नाही, नाण्यासाठी," मी म्हटलं.

"असू दे. दोघांना चालेल."

मग चहा आला आणि आता निभावलं, असं वाटून काका जरा सैलावले. तेवढ्यात कल्याणच्या काकू, अगदी साध्या मनाने, म्हणाल्या, "भावजी मात्र कधी अंतर द्यायचे नाहीत हो. दर दिवाळीला एकटे यायचे, फराळ करायचे. मी रडले की समजूत घालायचे. म्हणायचे, तू मनावर घेऊ नकोस, हिचा स्वभावच संशयी आहे."

काकांनी कप खाली ठेवला. काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. कल्याणच्या काकूंनाही आपण काय बोललो ते उशिरा उमगलं. मग त्यांनीही पाहायला सुरुवात केली. आणि का कोण जाणे, त्या दोघींपैकी एकीला हसू फुटलं. कुणाला आधी, ते सांगता येणार नाही. डोळ्यांत पाणी, नाकाला पदर आणि हसणं थांबत नाही, असं बराच वेळ चाललं. काका आधाराला बाबांकडे बघत होते. बाबांनी बशीत चहा ओतला आणि तो फुंकत बसले.

दोघी मग आतल्या खोलीत गेल्या. दोन तास बाहेर आल्या नाहीत. आम्ही तिघं पुढच्या खोलीत त्या तिसरीतल्या मुलाचं भूगोलाचं पुस्तक चाळत बसलो. बाबांनी त्यात दोन चुका काढल्या.

रुपया अर्थातच काकूंकडे राहिला. बाबांनी तो मागितला नाही. काकांनी होळकरांचं नाणं पुढच्या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने परत पाठवलं, सोबत चिठ्ठी नाही. बाबांनी ते अल्बममध्ये लावलं नाही, परतही केलं नाही, तसंच पाकिटात ठेवलं. चार-पाच महिने दोघं भेटले नाहीत. बाबा संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारून यायचे आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायचे, "आज खूप चाललो." आईने एकदा मला म्हटलं, "तुझं ते मशिन फारच खरं बोलतं गं." तिने सात नंबरचा विषय मात्र पुढे कित्येक वर्षं सोडला नाही.

कारखान्यातही बोभाटा झाला. साहेबांनी सासूबाईंचे दोन रुपये तपासायला आणलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "रहने दे. घर में शांति है." फिटरला मी डोंबिवलीची सगळी हकिगत सांगितली. त्याने ऐकून घेतलं, बेकलाइटचा तो तुकडा उचलला, बॉलपेनांच्या स्प्रिंगा काढून खिशात टाकल्या आणि पितळेच्या पट्ट्या भंगाराच्या डब्यात सोडल्या.

मग एका रविवारी सकाळी डोंबिवलीच्या काकूच आमच्याकडे आल्या. काका त्यांच्या मागे, पिशवी घेऊन. काकू म्हणाल्या, "मास्तर, हे घरात नुसते बसून असतात. मला बघवत नाही. तुमची अदलाबदल करा सुरू. पण माझ्यासमोर."

तेव्हापासून तसंच होऊ लागलं. मधे काकू बसायच्या आणि काकांनी पिशवीतून काही काढलं की विचारायच्या, "हे कुठून आणलं? कुणाचं? कधी?" पहिले काही महिने ही नुसती उलटतपासणी होती. पण उत्तरं ऐकता ऐकता त्यांना त्यात रस वाटू लागला. कोणती टांकसाळ, ते नाण्यावरच्या कुठल्या ठिपक्यावरून ओळखायचं, एकाच सालच्या दोन साच्यांत राणीच्या मुकुटाचा काय फरक, हे त्यांनी बाबांना विचारून घेतलं आणि वहीत उतरवलं. नजर त्यांची मुळात तयारच होती. भिशीच्या बायका, शेजारणी, पोळ्या करायला येणारी बाई, सगळ्यांकडच्या डब्यांत काय पडलंय ते त्यांना सहज कळायचं. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे जो संग्रह झाला, त्यापुढे काकांचा अगदी किरकोळ दिसायचा. चार नंबरच्या सालचा दुसरा एक रुपया, बिनभोकाचा, त्यांनीच कल्याणच्या जावेच्या माहेराहून मिळवला.

बाबांना तो हवा होता. काकूंनी बदल्यात काय मागावं, तर तेच होळकरांचं नाणं. दीड तास घासाघीस चालली. बाबा म्हणाले की ते नाणं आता त्यांना भावनेपोटी ठेवायचंय. काकू म्हणाल्या, भावना वेगळी आणि नाणं वेगळं. शेवटी बाबांनी पाकीट आणलं.

मी तेव्हा लग्न होऊन माजिवड्याला राहायला गेलेले, त्या दिवशी सहज माहेरी आलेले. नेहमीच्या जागी काका दिसले नाहीत, म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावले. ते आईच्या ओट्याशी उभे होते, चौघांच्या चहासाठी आलं किसत. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलीस. पाचवा कप टाकतो."